व्यायाम चालू असताना अनोळखी माणसं टेक्निक शिकवायला येतात. कोल्हापूरकरांनो, काय करायचं?

शुक्रवार पेठेतली

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी ४२ वर्षांची. हायस्कूलला गणित शिकवते. शाळेच्या आधी, पहाटे साडेपाचला, राजारामपुरीतल्या एका जिममध्ये जाते आणि पॉवरलिफ्टिंग करते. म्हणजे स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठायचं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीपासून वर ढकलायचा) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहायचं) या तीन लिफ्ट, वजन जड, रेप्स म्हणजे एका दमात उचलायच्या वेळा कमी. चाळिशीनंतरच्यांसाठी मास्टर्स गट असतो, त्यात ६३ किलो वजनगटात उतरायची माझी इच्छा आहे. माझे कोच सांगलीला असतात. मी आठवड्याचे व्हिडिओ पाठवते, ते बघून दुरुस्त्या सांगतात. त्यामुळे मी काय करते आणि का करते, हे मला माहीत असतं.

तरीही मी बारला हात लावला की कुणीतरी जवळ येतंच.

डेडलिफ्ट मी सुमो पद्धतीनं करते. पाय रुंद, हात पायांच्या आत. स्पर्धेच्या नियमात ही पद्धत चालते आणि त्यात धड जास्त उभं राहतं, कंबरेतून कमी झुकावं लागतं. तर लोक म्हणतात, "ताई, पाय जवळ घ्या, कंबर जाईल." स्क्वॉटला माझं धड पुढं झुकतं, कारण माझ्या मांडीचं हाड लांब आहे. बार पावलाच्या मध्यावर ठेवायचा तर लांब मांडीच्या माणसाला झुकावंच लागतं, नाहीतर तो मागं पडेल. हा साधा भूमितीचा प्रश्न आहे, फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवीन. पण तिथं फळा नसतो आणि खांद्यावर ८० किलो असतात, तेवढ्यात मागून आवाज येतो, "छाती वर! छाती वर!" मग कुणी सांगतं, एवढं खाली जाऊ नका, गुडघे जातील. स्पर्धेत खुब्याची घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेली नाही तर पंच लिफ्ट धरत नाहीत.

सगळ्यात अवघड प्रकार बेंचवर झाला. स्पर्धेत बार छातीवर पूर्ण स्थिर झाला, की मगच पंच "प्रेस" म्हणतात आणि मगच वर ढकलायचा. म्हणून सरावातही मी छातीवर थांबते. मागच्या महिन्यात एक गृहस्थ पलीकडून धावत आले आणि त्यांनी बारचं एक टोक वर ओढलं. त्यांना वाटलं मी अडकले. बार तिरका झाला, डाव्या खांद्याला झटका बसला, पुढं आठवडाभर मला बेंच करता आलं नाही. त्या गृहस्थांचा चेहरा माझ्यापेक्षा घाबरलेला होता. अशा माणसाला रागावून काय बोलणार?

ही माणसं वाईट नाहीत, माझी अडचण तीच आहे. छाती वर करायला सांगणारे काकाच पावसात माझी गाडी आडोशाला लावून ठेवतात. आपल्या गावात मिसळीवर कट किती घ्यायचा हे शेजारच्या टेबलावरचा माणूस सांगतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की पाटाकडीलच्या गोलकीपरनं कुठं उभं राहायचं हे अख्खी गॅलरी सांगते. यात जिव्हाळा आहे आणि तो मला हवा आहे. फक्त बार हातात असताना नको आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारते. वयानं मोठ्या माणसाला, त्याचं मन न दुखावता, थांबवायचं कसं? आणि दुसरी, मला जास्त छळणारी. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा एकटाच बेंच मारतो. प्लेट सरकू नयेत म्हणून असतात त्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा घट्ट लावलेल्या, अंगठा बारभोवती न घेता बार नुसता तळव्यावर, जवळ कुणी नाही. त्याला मी सांगावं का? सांगितलं तर मी त्या काकांपेक्षा वेगळी कशी?

कात्यायनी ते कळंबा

तुमचं वाचून बरं वाटलं, एकटीला हे होत नाही म्हणून.

मी पळते. कधी कळंब्याकडे, कधी विद्यापीठात. मला पावलं कशी टाकायची, हात किती हलवायचे, श्वास नाकानं की तोंडानं, सगळं सांगून झालेलं आहे आणि ते सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण चालत होते. माझा नवरा त्याच रस्त्यावर माझ्याच सोबत पळतो. त्याची टाच आपटते, आवाज लांबून येतो. त्याला आजवर कुणी अडवलेलं नाही.

तुमच्या जिममध्ये बघा. वाकड्या पाठीनं वजन उचलणारी मुलं असतीलच. त्यांच्याजवळ काका जातात का? जात असतील तर प्रश्न स्वभावाचा आहे. जात नसतील तर मन न दुखावण्याची सगळी जबाबदारी तुम्ही अंगावर घेऊ नका. मी आता न थांबता हात वर करते आणि पुढं जाते. कुणाचं काही बिघडलेलं नाही.

विषय हार्ड

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

सांगणारी माणसं हायत म्हणून आपण घडलो. मी पोलीस भरतीच्या तयारीला होतो तेव्हाची गोष्ट. १६०० मीटरची धाव. गांधी मैदानावर रोज पळायचो आणि दोन्ही नडग्या अशा ठणकायच्या की जिना उतरताना कठडा धरायला लागायचा. एक दिवस एक अनोळखी माणूस आला. म्हणला, "तू पाय लई लांब टाकतोस, टाच पुढं जाऊन आपटतीय. पाऊल छोटं टाक, अंगाच्या खाली पडू दे, आणि आठवडाभर निम्मंच पळ." एवढंच. नाव नाही, गाव नाही. पंधरा दिवसांत माझं दुखणं निम्म्यावर आलं. आज मी खात्यात आहे.

तो माणूस "आपल्याला काय करायचंय" म्हणून निघून गेला असता तर? सगळ्यांनी कानात हेडफोन घालून आपापलं बघायचं असं आपल्या कोल्हापुरात व्हायला नको, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या खांद्याचं वाईट वाटलं. पण त्या पोराला जाऊन सांगा. वाट बघू नका.

फ्लोअरवर बारा तास

मी ट्रेनर आहे, कोल्हापुरातच. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

त्या मुलाला सांगा. आजच. एकट्यानं बेंच मारताना क्लिपा लावल्या आणि बार छातीवर अडकला, तर प्लेट बाजूला सांडून सुटायची वाट बंद होते. बार पोटावरून मांडीकडे ढकलत न्यायचा एवढंच हातात राहतं, आणि जड वजन असलं तर ते फार वाईट असतं. अंगठा न गुंडाळता धरलेला बार घामेजल्या हातातून निसटला तर तो थेट गळ्यावर किंवा छातीवर येतो. इथं पद्धत कुणाची कशी, हा विषयच राहत नाही.

अशा आणखी दोन-तीन गोष्टींना मी ओळख नसली तरी मध्ये पडतो. रॅकवर, म्हणजे बार ठेवायच्या उभ्या सांगाड्यावर, ठेवलेल्या बारच्या एकाच बाजूच्या सगळ्या प्लेट काढायला कुणी लागला, तर मी ओरडतोच. दुसऱ्या बाजूच्या वजनानं बार उलटतो आणि समोरच्याचं तोंड फोडतो. बार हुकवर एका बाजूला नीट बसलेला नसेल आणि माणूस हात काढायच्या बेतात असेल, तर तेव्हाही. आणि रॅकच्या आत लहान पोरगं घुटमळत असेल तर.

बाकी सगळं थांबू शकतं. सुमो की साधं, किती खाली, धड किती झुकलेलं, हे एका नजरेत कळत नाही. खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी, मांडीची लांबी वेगळी, त्यामुळं पाय किती रुंद ठेवायचे हे सुद्धा माणसागणिक बदलतं. मी माझ्याच पोरांना पहिले दोन सेट बघतो आणि मग बोलतो.

आणि बार अंगावर असताना तर कुणीच बोलू नये. शरीराकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनांनी नवं कौशल्य शिकणं अवघड होतं, यावर गॅब्रिएला वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ चा एक प्रयोग आहे. स्कीइंगसारख्या हालणाऱ्या यंत्रावर माणसं उभी केली. एका गटाला स्वतःच्या पायांनी जोर लावण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला पायाखालच्या फळीच्या चाकांवर जोर देण्याकडे. चाकांचा विचार करणारे जास्त चांगलं शिकले. आता विचार करा, ८० किलो खांद्यावर असलेल्या बाईला कुणी "छाती वर, गुडघे बाहेर, पोट आत" म्हणतोय. तिनं कुठं कुठं बघायचं? मी एका सेटनंतर एकच गोष्ट सांगतो, ती सुद्धा शक्यतो "जमीन दोन्हीकडे फाडल्यासारखी पायांनी ढकल" अशी, अवयवाचं नाव न घेता.

बेंचचं म्हणाल तर ताई, सेटच्या आधी आजूबाजूच्यांना मोठ्यानं सांगून टाका: "मी छातीवर थांबणार आहे. मी 'घ्या' म्हटल्याशिवाय बारला हात लावू नका." आणि कुणीतरी एकच माणूस, मागं मधोमध उभा करा. एका टोकाला धरून ओढणं हे मदतीपेक्षा धोक्याचं, ते तुम्ही भोगलंच आहे.

लाल माती

बाळ, मी सत्तरीला आलो. तरुणपणी शिवाजी पेठेतल्या तालमीत होतो. मोठा पैलवान झालो नाही, पण माती सोडली नाही. हे सगळं नातीनं वाचून दाखवलं, मी सांगतोय आणि ती टाइप करतीय.

तालमीत सांगणं चालतं असं सगळ्यांना वाटतं. चालतं, पण कुणी सांगायचं हे ठरलेलं असतं. मी आलो तेव्हा पहिले कित्येक दिवस वस्तादांनी मला एक डाव दाखवला नाही. पहाटे उठून हौदा उकरायचा, ताक, तेल, हळद घातलेली माती खालीवर करायची, मग जोर, मग बैठका. वस्ताद कट्ट्यावर बसून बघायचे. पोरगं कुठल्या पायावर भार देतं, दम कुठं तुटतो, खातं किती, झोपतं किती. सगळं बघून झाल्यावर एक दिवस म्हणाले, "उजवा कोपर आत ठेव." बस. पुढचे दोन महिने तेवढंच.

दुसऱ्या तालमीचा पैलवान आमच्याकडे आला, अगदी नावाजलेला असला, तरी आधी मातीला हात लावायचा, वस्तादांच्या पाया पडायचा. आमच्यापैकी कुणाचं काही चुकताना दिसलं तर ते वस्तादांना सांगायचा. आम्हाला थेट नाही. पोरगं वस्तादाचं असतं. त्याला काय कधी सांगायचं हे वस्ताद ठरवणार. आज डाव बदलला तर उद्याच्या कुस्तीत पोरगं मध्येच अडकेल, हे बाहेरच्याला कसं कळणार?

आता खासबागेचं सांगतो. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान बांधून घेतलं, मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, कुस्ती दिसते. भरलेल्या मैदानात खाली उतरलेल्या पैलवानाला चारी बाजूंनी ओरडून सांगतात. पट काढ, ढाक मार, घुटना ठेव. त्या सगळ्या आवाजात पैलवानाला एकच आवाज ऐकू येतो, वस्तादाचा. बाकीचे ऐकायला लागला तो गेला. मी समोरचा पैलवान असा जाताना बघितलाय. चांगला वरचढ होता. कुणीतरी "मागं जा, मागं जा" म्हणालं, तो त्या आवाजाकडे वळला आणि पाठ लागली.

गुडघ्याचं कुणी बोललं तर हसू येतं बघ. आमच्या बैठका चवड्यावर. टाच उचललेली, गुडघा पार बोटांच्या पुढं. तालमीतली पोरं हजाराच्या घरात मारायची. ती सगळ्यांनी मारावी असं मी म्हणत नाही, आम्ही कमी वयात थोड्याथोड्यानं वाढवत गेलो होतो. पण एका प्रकारच्या मेहनतीचा नियम दुसरीला लावला की असं होतं.

तू त्या काकांना नाही म्हणू नकोस. म्हण, "माझे वस्ताद सांगलीला आहेत, त्यांनी असंच करायला सांगितलंय." कोच नको म्हणूस, वस्ताद म्हण. माझ्या वयाचा कोल्हापूरचा माणूस असेल तर पुढं एक शब्द बोलणार नाही. आणि तरी बोलला, तर त्याला काही शिकवायचं नाही, त्याला नुसतं बोलायचंय. मग सेट झाल्यावर दोन मिनिटं बोल त्याच्याशी. घरी ऐकणारं कुणी नसतं आमच्या वयात.

शुक्रवार पेठेतली

काका, तुमचं आणि नातीचं दोघांचंही आभार. वस्तादांचं वाक्य उद्यापासून वापरते. आमचे कोच हे वाचून खूश होतील.

कात्यायनी, तुम्ही म्हणालात ते मी दोन दिवस मुद्दाम बघितलं. आमचे काका मुलांनाही सांगतात, पण मुलं सेट संपवून पाणी पीत असतात तेव्हा. माझ्याकडे मात्र बार उचललेला असतानाच येतात. याचं कारण मला नीट कळत नाही. बाई वजनाखाली दिसली की ती संकटात आहे असंच त्यांना वाटत असावं. त्या बेंचवाल्या गृहस्थांनाही तसंच वाटलं असणार. हे मी काकांशी बोलणार आहे, सरळ, कारण ते ऐकून घेतील असं मला वाटतं.

विषय हार्ड, तुमची गोष्ट मला पटली आणि म्हणूनच एक विचारायचं आहे. तो माणूस तुमच्याजवळ आला तेव्हा तुम्ही पळत होता का?

विषय हार्ड

नाही ओ. मी मैदानाच्या कडेला बसलोतो, बूट काढून. नडगी चोळत. त्यानं आधी विचारलं, "लई दुखतंय का रं?" मी म्हणलं, व्हय. मग म्हणला, "तुला पळताना बघतोय आठ दिवस झाले."

तुमचा मुद्दा आला ध्यानात. मला वाटतं सांगावंच, पण असं.

शुक्रवार पेठेतली

आठ दिवस बघत होता, हे तुम्ही आधी सांगितलंच नव्हतं! म्हणजे लाल माती काकांच्या वस्तादांसारखंच झालं की.

कळवायला आले होते: त्या मुलाशी आज बोलले. त्याचा सेट संपेपर्यंत थांबले, समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तू एकटाच असतोस का रोज? स्पॉट, म्हणजे बार अडकला तर धरायला कुणी, हवा असेल तर मी तिथंच असते." तो लगेच हो म्हणाला. त्याला कुणाला विचारायचा संकोच वाटत होता. मग क्लिपांचं आणि अंगठ्याचं सांगितलं, कारण सांगितलं, आणि तिथंच थांबले. त्याचे कोपर फार बाहेर जातात, ते मी बोलले नाही. त्यानं विचारलं तर सांगीन.

आता ट्रेनर दादांना एक प्रश्न. मी स्वतः रॅकच्या आत बेंच लावून मारायचं ठरवलंय, म्हणजे कुणी धावून यायची वेळच येणार नाही. आडव्या सेफ्टी रॉडची उंची किती ठेवू? मी पाठीला कमान देते, त्यामुळे गोंधळ होतोय.

फ्लोअरवर बारा तास

कमान देऊन झोपा, रिकामा बार छातीला टेकवा. रॉड त्या उंचीच्या एक भोक खाली. म्हणजे लिफ्ट करताना बार रॉडला लागणार नाही. अडकलात तर कमान सोडून पाठ सपाट करा, छाती खाली जाते आणि बार रॉडवर बसतो. भोकांमधलं अंतर जास्त असेल आणि जमत नसेल, तर बेंचखाली पातळ रबरी मॅट घालून बेंच वर घ्या. पण तो हलत नाही ना, हे आधी रिकाम्या बारनं तपासा. मान आणि चेहऱ्याच्या बाजूलाही रॉड पोचतोय ना ते बघा, काही रॅकमध्ये तो आखूड असतो.

पहिल्यांदा ४० किलोवर मुद्दाम अडकून बघा. सुटता येतंय याची खात्री झाली की मग वजन वाढवा.